ह्यू अँड क्राय : न ओरडल्याबद्दल दंड

कोपऱ्यातला वाचक (धागाकर्ता)
सोमवार, रात्री १०.४०

आमच्या सोसायटीत गेले तीन आठवडे टँकरचं पाणी आहे. टँकर कधी येणार, किती येणार, पैसे कुठल्या फंडातून, यावरून रोज जिन्यात जुंपते. शेवटी सेक्रेटरींनी इंग्रजीत नोटीस काढली. तिच्यात एक वाक्य असं की सभासदांनी पाण्याच्या प्रश्नावर 'ह्यू अँड क्राय' करू नये. मी नोकरीत असताना कचेरीतला मराठी पत्रव्यवहार सांभाळायचो, त्यामुळे नोटिशीचं मराठी करायचं काम माझ्या गळ्यात आलं.

'बोंबाबोंब करू नये' असं लिहिलं. घरून शेरा आला, "नोटीस आहे की शिमगा?" 'आरडाओरडा' लिहिलं तर चौथीच्या वर्गाला दम भरल्यासारखं वाटलं. 'कोलाहल' म्हणजे अगदीच आकाशवाणी. मग म्हटलं, आधी हे 'ह्यू' काय आहे ते तरी बघू. मला 'ह्यू' म्हणजे रंगाची छटा एवढंच ठाऊक. छटा आणि ओरडणं यांचा काय संबंध?

काहीही नाही. रंगाचा 'ह्यू' अस्सल जुन्या इंग्रजीतला. हा दुसरा 'ह्यू' नॉर्मन लोकांबरोबर फ्रान्सहून आलेला. जुन्या फ्रेंचमध्ये 'ह्युए' म्हणजे हू-हू करून ओरडणं, शिकारीत जनावर उठवताना ओरडतात तसं. इंग्लंडच्या कोर्टातल्या फ्रेंचमध्ये ते झालं 'हू ए क्री' आणि लॅटिन दप्तरात 'हुतेसियम एत क्लामोर'. म्हणजे शब्दशः 'हाकारा आणि आरोळी'.

इथवर ठीक. पण पुढे वाचलं आणि उठून बसलो. हा शब्द गोंगाटाचा नव्हेच, तो कायद्यातला. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये पगारी पोलीस नव्हते. चोरी, दरोडा, खून झालेला ज्याने पाहिला, किंवा प्रेत ज्याला प्रथम दिसलं, त्याने ओरडायचंच. तो आवाज ज्यांच्या कानावर पडेल त्यांनी हातातलं काम टाकून, मिळेल ते हत्यार घेऊन धावायचं. शिंग फुंकत गावामागून गाव जागं करायचं आणि चोराचा पाठलाग पुढच्या गावाच्या हवाली करायचा. आणि जो ओरडला नाही, किंवा ऐकून धावला नाही, त्याला दंड.

१२८५ मध्ये पहिल्या एडवर्ड राजाने विंचेस्टरचा कायदा केला आणि ही रीत पक्की बांधून टाकली. दरोडा पडला आणि चोर सापडला नाही, तर त्या परगण्याने (त्यांचा शब्द 'हंड्रेड') नुकसान भरून द्यायचं. तटबंदीच्या गावांच्या वेशी सूर्यास्त ते सूर्योदय बंद. उन्हाळ्याच्या महिन्यांत रात्रीचा पहारा, गावाच्या आकाराप्रमाणे ४ किंवा ६ माणसांचा. रात्री अनोळखी माणूस आला तर सकाळपर्यंत धरून ठेवायचा, आणि तो ऐकेना तर त्याच्यामागे 'ह्यू अँड क्राय' उठवायचा. बाजारगावांना जोडणाऱ्या हमरस्त्यांच्या दोन्ही बाजूंना दोनदोनशे फूट झाडी-झुडूप साफ, कुणी दबा धरून बसू नये म्हणून. १५ ते ६० वयाच्या प्रत्येक पुरुषाने ऐपतीप्रमाणे शस्त्र बाळगायचं, आणि वर्षातून दोनदा त्याची तपासणी.

म्हणजे ज्या शब्दाने आमचे सेक्रेटरी आम्हाला गप्प बसवताहेत, त्या शब्दाच्या मूळ अर्थानुसार गप्प बसणं हाच गुन्हा होता! तर मंडळी, मराठी प्रतिशब्द सुचवा. नोटीस शुक्रवारपर्यंत लावायची आहे.

---

खडूस आजोबा
सोमवार, रात्री ११.०५

'बोंबाबोंब'च ठेवा. तुमच्या सोसायटीला तेच शोभेल.

---

अनुस्वार
सोमवार, रात्री ११.३२

उत्तम धागा. ठसकन सांगतो: 'हाकाटी'. हाक आहे, ती एकाकडून दुसऱ्याकडे जाते आहे, चार लोक गोळा होताहेत, सगळं त्यात आलं. शिकारीतला 'हाकारा' तर तुम्ही स्वतःच लिहून गेलात.

'गहजब' मात्र नको. तो अरबी 'ग़ज़ब'वरून आलेला, मूळ अर्थ राग, कोप. आपण त्याला रागावरून गोंधळावर आणून ठेवलं.

जाता जाता: आजच्या फ्रेंचमध्ये 'ह्युए' म्हणजे एखाद्याला हू-हू करून हिणवणं, मंचावरून उतरायला लावणं. आपली 'हुर्यो' हुबेहूब तीच. पण लगेच नातं जोडू नका. दोन्हीकडे माणसाच्या घशातून तोच आवाज निघाला, इतकंच.

---

कोपऱ्यातला वाचक
मंगळवार, सकाळी ७.१५

'हाकाटी' माझ्याही डोक्यात होता, पण एक अडचण आहे. आज 'हाकाटी' कुठे वापरतो आपण? 'मराठी शाळा संपल्या अशी हाकाटी पिटली जाते.' म्हणजे उगाचच केलेला गाजावाजा, बहुधा खोटा. हाक मारणाऱ्यावर विश्वास नाही, असा वास त्या शब्दाला आता येतो.

आणि गंमत म्हणजे इंग्रजी शब्दाचंही अगदी असंच झालं. ज्या आरोळीला धावून जाणं बंधनकारक होतं, ती आता 'उगाच कशाला आरडाओरडा' या अर्थावर आली. दोन भाषांत दोन शब्द एकाच उतारावरून घसरले.

---

काळा कोट
मंगळवार, सकाळी ९.५०

वकिली पेशा, त्यामुळे राहवत नाही.

धागाकर्त्यांनी १२८५ वर सोडलं, पण त्या कायद्याचं आयुष्य फार लांब होतं. १५८५ मध्ये, पहिल्या एलिझाबेथच्या काळात, असं ठरलं की पाठलाग घोडेस्वार आणि पायदळ दोघांनी केला तरच तो कायदेशीर. याचं कारण मोठं मजेशीर आहे. लोक दारात उभे राहून ओरडत आणि 'केली आम्ही हाकाटी' म्हणून मोकळे होत. शिवाय ज्या शेजारच्या परगण्याने पाठलाग पुढे नेण्यात कुचराई केली, त्याने निम्मी भरपाई द्यायची. १७३५ चा आणखी एक कायदा आहे, त्यात हाकाटी उठवायला टाळाटाळ करणाऱ्या कॉन्स्टेबलला ५ पौंड दंड. शेवटी १८२७ मध्ये हे सगळं रद्द झालं. दोनच वर्षांनी, १८२९ मध्ये, लंडनचे पगारी पोलीस आले.

शेपूट तरीही उरलंच. १८८७ च्या शेरीफ कायद्यात 'मुलखाची आरोळी' ऐकून प्रत्येकाने गुन्हेगार धरायला सज्ज असावं असं कलम होतं, ते १९६७ मध्ये गेलं.

आपल्याकडे काय? भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या कलम ४० प्रमाणे समोर घडलेल्या दखलपात्र, अजामीनपात्र गुन्ह्यात कुणीही सामान्य माणूस आरोपीला पकडू शकतो, मात्र ६ तासांच्या आत पोलिसांकडे द्यायचा. जुन्या संहितेत हे कलम ४३ होतं, तासांची मर्यादा नवी. कलम ३१ प्रमाणे पोलिसाने वाजवी मदत मागितली तर ती द्यावी लागते, आणि कलम ३३ प्रमाणे काही गंभीर गुन्ह्यांची खबर देणं बंधनकारक आहे. पण ओरडलंच पाहिजे असं कुठेही नाही. तुमच्या सेक्रेटरींवर केस उभी राहत नाही.

---

मालवणचो झील
मंगळवार, सकाळी १०.२०

ह्यां वाचून माका रापण (किनाऱ्यावरून ओढूचां मोठां जाळां) आठवली.

प्रमाण मराठीत लिहितो, नाहीतर अनुस्वार रागावतील. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉलमध्ये मासेमारी गावांत 'ह्युअर' नावाचा माणूस असायचा, याच फ्रेंच 'ह्युए'वरून. काम एकच: कड्यावर उभं राहून समुद्राकडे बघत बसणं. पिलचर्ड माशांचा थवा दिसला, पाण्याचा रंग बदलला, की 'हेव्वा! हेव्वा!' करून गाव गोळा करायचं आणि हातातल्या झुडपांच्या खुणा करून होड्यांना दिशा दाखवायची. न्यूकी गावात त्या ह्युअरचं पांढरं घर अजून उभं आहे. जहाजावर नोकरी करत होतो तेव्हा बघून आलोय.

तिथे ओरडणाऱ्याला पगार होता.

---

खडूस आजोबा
मंगळवार, सकाळी १०.३१

आमच्या जिन्यात फुकट ओरडणारे सहा आहेत. पाठवून देऊ का कॉर्नवॉलला?

---

शिवार
मंगळवार, दुपारी १.४५

इंग्लंडपर्यंत जायची काय गरज आहे? आपल्याकडे हेच होतं, फक्त त्याला नाव वेगळं. 'माग'.

आमच्या घरात दोन पिढ्या पोलीस पाटीलकी होती. आजोबा सांगायचे, पूर्वी चोरी झाली की जागल्या, म्हणजे गावचा राखणदार, पायाचे ठसे बघत निघायचा. रामोशी, महार, भिल्ल, मुलूख बदलला की राखणीचं वतन वेगळ्या समाजाकडे. ठसे गावाच्या शिवेपर्यंत नेऊन दाखवले की या गावाची जबाबदारी संपली. शिवेपलीकडच्या गावाच्या जागल्याला बोलावून माग त्याच्या ताब्यात द्यायचा. तो पुढच्या शिवेपर्यंत नेणार. ज्या गावात माग बुडाला आणि पुढे काढून देता आला नाही, त्या गावाने भरपाई द्यायची. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टन या इंग्रज अधिकाऱ्याने १८१९ मध्ये अहवाल लिहिला, त्यात पाटलाची आणि गावराखणदाराची ही जबाबदारी नमूद आहे. तुमचा परगणा दंड भरायचा, आमचं गाव भरायचं, फरक काय?

फरक आहे एक, तोही सांगतो. तुमच्याकडे सगळं गाव धावायचं. आमच्याकडे धावायचं काम ठरावीक जातींच्या गळ्यात होतं. बाकीचे झोपायचे.

'माग काढणे', 'माग लागणे', 'मागमूस नाही' हे सगळं बोलताना आपण त्या जागल्याला विसरलो.

---

पानगळ
मंगळवार, दुपारी ३.१०

शिवार, शेवटच्या परिच्छेदाला सलाम.

मला एक वेगळी शंका आहे. या इंग्रजी प्रकारात बायकांचं काय? शस्त्रं पुरुषांची, पहारा पुरुषांचा. मग ओरडणंही पुरुषांचंच का?

---

टेम्सकाठची
मंगळवार, रात्री ९.२५ (आमच्याकडे अजून संध्याकाळ)

पानगळ, नाही. आणि याच प्रश्नासाठी मी खाते उघडल्यापासून पहिल्यांदा मोठा प्रतिसाद लिहितेय.

त्या काळच्या इंग्लंडात बाईला ज्यूरीत जागा नव्हती, बहुतेक फिर्यादी तिला स्वतःच्या नावाने करता येत नसत. पण हाकाटी ती उठवू शकत होती, आणि तिने उठवलेल्या हाकाटीला गावाने धावायचंच. जहागिरीच्या न्यायालयांची जुनी दप्तरं आहेत, त्यांत अमकीने तमक्यावर हाकाटी उठवली अशा नोंदी ओळीने सापडतात. कुणी घरात घुसला, कुणी मारलं, कुणी गुरं हाकलून नेली. पुढे शेरा असायचा: रास्त उठवली, किंवा नाहक उठवली. रास्त असेल तर ज्याच्यावर उठवली त्याला दंड, नाहक असेल तर उठवणारीला.

तो शेरा मला फार महत्त्वाचा वाटतो. ओरडायची मुभा होती आणि ओरडण्याचा हिशेबही द्यावा लागत होता.

आता दुसरी गोष्ट, जास्त मजेची. इंग्लिश खाडीत जर्सी आणि गर्न्सी अशी दोन बेटं आहेत. तिथे नॉर्मन कायद्याचा एक तुकडा अजून जिवंत आहे, 'क्लामर द आरो'. शेजारी तुमच्या हद्दीत भिंत बांधतोय. तुम्ही जागेवर जायचं, गुडघे टेकायचे, साक्षीदारांसमोर ओरडायचं: 'आरो! आरो! आरो! माझ्या राजा, मदतीला धाव, माझ्यावर अन्याय होतोय!' फ्रेंचमध्येच. गर्न्सीत वर येशूची प्रार्थनाही फ्रेंचमध्ये म्हणावी लागते. तेवढ्याने काम थांबलं पाहिजे, कोर्टाचा निकाल होईपर्यंत. म्हणजे तोंडी मनाई हुकूम, वकील न लावता. २०१८ मध्ये गर्न्सीत एका बाईंनी रस्त्याच्या कामाविरुद्ध असा आरो घातला होता. काम काही कायमचं थांबलं नाही, पण बातमी इथल्या सगळ्या पेपरांत आली.

लोक सांगतात की 'आरो' म्हणजे 'हा रोलो!', नॉर्मंडीच्या पहिल्या सरदाराच्या नावाने मारलेली हाक. ते नंतर रचलेलं दिसतं. आणखी एक कथा: १०८७ मध्ये कान शहरात विजेता विल्यमचं दफन चाललं होतं, तेव्हा आसेलिन नावाचा एक माणूस पुढे आला आणि म्हणाला, ही जमीन माझ्या बापाची, हिसकावून घेतलेली, इथे पुरू देणार नाही. राजाचं प्रेत तसंच ठेवून आधी त्याचे पैसे चुकते करावे लागले. परंपरा त्यालाही आरो म्हणते.

---

अनुस्वार
मंगळवार, रात्री ११.५०

टेम्सकाठची, तुम्ही आज माझी झोप घालवलीत. तुमचं 'माझ्या राजा, धाव' वाचलं आणि कपाटातून हॉब्सन-जॉब्सन काढला. भारतात राहणाऱ्या इंग्रजांच्या तोंडच्या शब्दांचा हा कोश, यूल आणि बर्नेल यांचा, १८८६ सालचा. त्यात 'दोआई' अशी नोंद आहे. दोहाई, दुहाई. कचेरीसमोर किंवा रस्त्याने जाणाऱ्या अंमलदारासमोर दाद मागणारा माणूस मोठ्याने ओरडतो तो शब्द. आणि तिथे कोशकार सांगतात की थेव्हनो नावाच्या फ्रेंच प्रवाशाने दोनशे वर्षांपूर्वीच याची तुलना नॉर्मन 'आरो'शी केली होती! हा थेव्हनो १६६६ मध्ये सुरतेला उतरला. शिवाजी महाराज आग्र्याला गेले ते हेच वर्ष. सुरतेच्या रस्त्यावर कुणीतरी 'दुहाई' म्हणून टाहो फोडला असेल आणि या फ्रेंच माणसाला आपल्याकडचा आरो आठवला असेल.

मराठीत हा शब्द 'द्वाही' होऊन बसला, पण उलटा. 'शहरात द्वाही फिरवली' म्हणजे अमुकाचा अंमल सुरू झाला अशी घोषणा. तिकडे रयत राजाच्या नावाने ओरडते, इथे राजाचीच माणसं.

आणि खरा ऐवज पुढेच आहे. 'फिर्याद'! फारसी 'फ़र्याद' म्हणजे मदतीसाठी मारलेली किंकाळी. आपण पोलीस ठाण्यात जी नोंदवतो ती मूळची आरोळी. फिर्यादी म्हणजे ओरडणारा. सातशे वर्षांपूर्वीचा इंग्रज शेतकरी आणि आपल्या तालुक्याचा फिर्यादी, दोघांच्या हातात एकच हत्यार, घसा.

---

काळा कोट
बुधवार, सकाळी ८.४०

अनुस्वार, २२ वर्षं 'फिर्यादी तर्फे' लिहितोय, हे कधी डोक्यात आलं नाही. आज कोर्टात फिर्यादीकडे बघताना हसू आवरावं लागणार.

'क्राय'चंही तसंच काहीसं सांगतात. लॅटिन 'क्विरितारे'पासून तो आला. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला रोमन पंडित वारो म्हणतो की 'क्विरितारे' म्हणजे 'क्विरितेस'ना, म्हणजे रोमच्या नागरिकांना, मदतीला हाका मारणं. हे खरं असेल तर 'क्राय' म्हणजेच नागरिकांनो धावा.

---

अनुस्वार
बुधवार, सकाळी ८.५५

खरं असेल तर! आजच्या भाषाशास्त्रज्ञांना तो शब्द डुकराच्या चीत्कारावरून आला असण्याची शंका जास्त आहे. वारो साहेबांना नागरिक ऐकू आले, यांना डुक्कर.

त्याच जातीचा आणखी एक फसवा शब्द: 'अपरोर'. सगळ्यांना वाटतं यात 'रोर' आहे, सिंहगर्जना. मुळीच नाही. तो डच 'ओप्रूर'. 'ओप' म्हणजे वर, 'रूर' म्हणजे ढवळणं, घुसळणं. म्हणजे उठाव, बंड. १५२० च्या दशकात बायबल इंग्रजीत आणताना टिंडेलने तो वापरला. मग इंग्रजी कानाला त्यात 'रोर' ऐकू आला आणि बंडाचा गोंगाट होऊन बसला. आपल्या 'गहजबा'चा सख्खा भाऊ: मूळ अर्थ एक, आवाजाने तिसरीकडेच नेला.

---

रिंगवाला
बुधवार, दुपारी १२.३०

'आउटक्राय' राहिला की! तो आमचा.

मी १९८० च्या दशकात मुंबई शेअर बाजाराच्या रिंगमध्ये, म्हणजे जिथे उभं राहून सौदे व्हायचे तिथे, जॉबर (शेअरची घेव-देव करणारा) होतो. सगळा धंदा 'ओपन आउटक्राय'. घसा आणि बोटं, दोनच भांडवलं. हाताचा तळवा आपल्याकडे म्हणजे घेतो, समोरच्याकडे म्हणजे विकतो. दुपारी घरी गेल्यावर बायकोशीही ओरडूनच बोलायचो. १४ मार्च १९९५ ला 'बोल्ट' नावाची संगणक यंत्रणा आली आणि थोड्याच दिवसांत रिंग मुकी झाली. गंमत बघा, यंत्रणेचं नाव बोल्ट आणि बोलणं बंद.

पण ओरडण्याचा उपयोग होता. भाव सगळ्यांना ऐकू जायचा. दोघांनी कोपऱ्यात जाऊन गुपचूप सौदा केला असं करता येत नव्हतं.

---

शिवार
बुधवार, दुपारी १.०५

रिंगवाला, अगदी. बाजार समितीत उघड लिलाव का ठेवला? (लिलाव हा शब्दसुद्धा पोर्तुगीज 'लेइलांव', गोव्याकडून आलेला.) पूर्वी 'हत्ता' चालायचा. व्यापारी आणि अडत्या रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायचे आणि ज्याचा माल, तो शेतकरी बाजूला उभा राहून रुमालाकडे बघायचा. मोठ्याने बोली लावणं ही कटकट नाही, शेतकऱ्याचं संरक्षण आहे. जिथे गुपचूप चालतं तिथे कुणाचा तरी घसा दाबलेला असतो.

---

पानगळ
बुधवार, दुपारी ४.२०

हे सगळं हाकाटीच्या कौतुकाकडे चाललंय, म्हणून एक नकोशी आठवण.

१ जुलै २०१८. धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. आठवडी बाजारचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी, मंगळवेढ्याकडून आलेले. मोबाईलवर मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा फिरत होत्या. कुणीतरी ओरडलं, आणि सगळे धावले. पाचही जणांना ठेचून मारलं.

तिथे जे झालं ते शब्दशः ह्यू अँड क्राय. अनोळखी माणूस, आरोळी, सगळं गाव. मी काही इतिहास शिकवत नाही, पण जुन्या इंग्लंडातही मुद्देमालासकट पळताना सापडलेल्याचा जागीच शिरच्छेद व्हायचा, त्याला बोलायची संधीसुद्धा नाही, असं मी वाचलंय. खरं ना?

---

काळा कोट
बुधवार, संध्याकाळी ६.००

खरं आहे. मुद्देमाल अंगावर आणि हाकाटी मागे, मग बचावाला जागाच नव्हती. हळूहळू तो अधिकार गावाकडून काढून न्यायालयाकडे नेला गेला. सहा तासांची मर्यादा मी वर लिहिली ती त्याच काळजीपोटी वाचा. पकडा, पण निकाल लावू नका.

---

टेम्सकाठची
बुधवार, रात्री १०.१०

आणि 'नाहक उठवली' हा शेरा मारणारं कुणीतरी असायला हवं. पुढे ढकललेल्या मोबाईल मेसेजला तो शेरा कोण मारणार?

आवाजाचा कागद झाला त्याची एक पायरी सांगते. १७७२ मध्ये लंडनचे अंध न्यायाधीश जॉन फील्डिंग यांनी हव्या असलेल्या गुन्हेगारांची वर्णनं छापून देशभर पाठवायला सुरुवात केली. त्या पत्रकाचं नाव पुढे चक्क 'ह्यू अँड क्राय' पडलं. त्याचंच नंतर 'पोलीस गॅझेट' झालं. आरोळी छापील झाली, आणि छापील आरोळीला धावण्याचं बंधन कुणावरच राहिलं नाही. लोकांनी वाचायचं, पोलिसांनी धावायचं.

---

मालवणचो झील
बुधवार, रात्री १०.४५

वातावरण जड झालं म्हणून सांगतो. इतिहासकार म्हणतात की त्या जुन्या हाकाटीत ओरडायचा मूळ शब्द बहुधा 'आऊट! आऊट!' असावा. म्हणजे बाहेर या, बाहेर या.

मी परवा आमच्या पोरांच्या मॅचला अंपायर होतो. यष्टिरक्षक, स्लिप, मिडऑफ, बाहेर बसलेले दोन काका, सगळे एकदम 'आऊट!'. मी मान हलवली. नाहक उठवली.

---

शिवार
गुरुवार, सकाळी ६.५०

अंपायरना दंडवत.

आमच्या भागात आता ग्रामसुरक्षा यंत्रणा आहे. संकट आलं की एका टोल-फ्री नंबरवर बोलायचं, आणि तुमचाच आवाज गावातल्या नोंदणी केलेल्या सगळ्या फोनांवर एकाच वेळी वाजतो. बिबट्या दिसला, आग लागली, घरफोडी. मागच्या थंडीत रात्री दोनला फोन वाजला, गोठ्यात बिबट्या शिरलाय. पंधरा मिनिटांत चाळीस माणसं टॉर्च घेऊन. त्यात मला आवडतं ते हे, की कुणी बोलावलं ते यंत्रणेत नोंदलेलं राहतं. आवाज निनावी नाही. उगाच उठवली तर सकाळी घरी पाटील येतो.

शहरात तुमच्याकडे असलं काही आहे का? की शेजारच्या फ्लॅटमध्ये किंचाळी आली तर टीव्हीचा आवाज वाढवता?

---

खडूस आजोबा
गुरुवार, सकाळी ७.३०

आमच्या शेजारी १९९१ साली रात्री किंचाळी आली होती. मी उठलो, चपला घातल्या, दारापर्यंत गेलो. मग वाटलं नवरा-बायकोचं असेल, आपण कशाला. परत येऊन पडलो. सकाळी कळलं त्या बाईंच्या साडीने पेट घेतला होता. वाचल्या. पण मी दाराशी उभा होतो ते अर्धं मिनिट अजून आठवतं.

बोंबाबोंब लिहा म्हटलं होतं ते मागे घेतो.

---

पानगळ
गुरुवार, सकाळी ८.०५

आजोबा...

---

कोपऱ्यातला वाचक
शुक्रवार, रात्री ९.१५

सगळ्यांचे आभार. विशेषतः आजोबांचे.

नोटिशीचं सांगतो. मी बराच विचार करून लिहिलं: 'पाण्याच्या प्रश्नावर सभासदांनी जिन्यात वाद न घालता आपली फिर्याद वहीत नोंदवावी, मात्र टँकर न आल्यास किंवा पाण्याची गळती दिसल्यास ताबडतोब हाका मारून सर्वांना कळवावे.' अनुस्वारांचा 'फिर्याद' मुद्दाम घेतला. सेक्रेटरींकडे दिली. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली, म्हणाले, "वाचक साहेब, फार जड झालंय, लोकांना कळणार नाही." आणि लाल पेनाने काट मारून वर स्वतःच्या अक्षरात लिहिलं, देवनागरीतच:

'कृपया ह्यू अँड क्राय करू नये.'

आज दुपारी लागली. टँकर आलेला नाही.

---

अनुस्वार
शुक्रवार, रात्री ९.३०

'ह्यू'ला ऊकार दीर्घ दिलाय ना त्यांनी? मग निदान तेवढं तरी बरोबर आहे.